कधीपासून दुखतंय?

मुलांची डोकेदुखी कॅज्युअल्टीत दोन वेळांना जास्त येते. शाळा-शिकवण्या आटोपल्यावर, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान. नाहीतर थेट मध्यरात्रीनंतर, घरातल्या मोठ्यांचा धीर सुटला की. संध्याकाळची मुलं स्वतःच्या पायांनी येतात, कधीकधी दप्तरासकट. रात्रीची वडिलांच्या खांद्यावरून येतात आणि मागून आई, हातात जुने केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या कोंबलेली पिशवी घेऊन. मी सोलापुरात एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागात काम करते. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून पेशंट येतात, तसे सीमेपलीकडून इंडी-आळंदहूनही येतात. त्यामुळे ‘डोकं दुखतंय’बरोबर कानडी ‘तलेनोवु’ आणि शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतलं तेलुगू ‘तलनोप्पी’ हे शब्दही आमच्या सिस्टरांना पाठ झालेत.

या मुलांपैकी बहुतेकांना ताप असतो आणि तापाबरोबर डोकं दुखतं. व्हायरल, घसा, कान, एखाद्याचा किडलेला दात. पॅरासिटामॉल दिलं, पाणी पाजलं, ताप उतरला की मूल बिस्किट मागतं आणि निम्मी काळजी तिथेच मिटते. पावसाळ्यात एक पथ्य मात्र आम्ही काटेकोर पाळतो. डेंग्यूचा संशय आहे तोवर आयब्युप्रोफेन नाही, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि अ‍ॅस्पिरिन तर मुलांना तापासाठी-डोकेदुखीसाठी कधीच नाही. रे सिंड्रोम नावाच्या, यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला घालणाऱ्या आजाराशी त्याचा संबंध आहे. आजोबांसाठी आणलेली गोळी अर्धी करून नातवाला दिल्याचं मला वरचेवर ऐकायला मिळतं, म्हणून हे लिहिते आहे.

खरं काम उरलेल्या मुलांचं. ताप नाही, मार लागलेला नाही, आणि डोकं दुखतंय. किंवा ताप आहे, पण मूल नेहमीच्या तापातल्या मुलासारखं दिसत नाही. इथे माझं एक ठाम मत आहे. मुलाच्या डोकेदुखीचं निदान मशीनपेक्षा विचारण्यात जास्त सापडतं, आणि त्यासाठी लागणारी दहा मिनिटं गर्दीच्या रात्रीही काढलीच पाहिजेत. प्रश्न आधी मुलाला विचारायचे, आईला नंतर.

म्हणजे काय विचारायचं? कधीपासून दुखतंय, हा पहिला. आज पहिल्यांदा, की महिन्यातून दोनदा असं वर्षभर, की तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालं आणि दर आठवड्याला वाढतंय? मग दिवसातली वेळ. झोपेतून जाग येते का? दुखायला लागलं की तू काय करतोस? खेळत राहतोस की खेळ सोडून घरी येतोस? हा शेवटचा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो. ‘खूप दुखतं’ याला माप नाही, पण चालू क्रिकेट सोडून आलेला मुलगा खरोखर किती त्रासात असतो ते कुणालाही कळतं.

लहान मुलांना दुखण्याचं वर्णन करता येत नाही. ठणकतं, आवळतं, टोचतं हे फरक मोठ्यांचे. त्यासाठी मी केसपेपरची कोरी बाजू आणि पेन पुढे करते: “डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं ते काढून दाखव.” ही माझी कल्पना नव्हे. २००२ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अशा चित्रांवरचा एक अभ्यास छापून आला होता. नुसती चित्रं पाहून मायग्रेन कोणतं आणि कोणतं नाही हे बऱ्याच अचूकपणे सांगता आलं होतं. आमच्याकडे भाषेची अडचण असल्याने हा उपाय विशेष कामाला येतो. विडी वळणाऱ्या आईबरोबर आलेली एक तेलुगूभाषक मुलगी मराठी शाळेत जायची, पण दुखण्याबद्दल मराठीत बोलेना. तिने आधी एक मोठं तोंड काढलं, कपाळावर हातोडी काढली. मग बाजूला एक ट्यूबलाइट, आणि त्या ट्यूबलाइटवर पेन दाबून दाबून फुली. शेवटी कोपऱ्यात चटई आणि चटईवर आडवी मुलगी. उजेड सोसत नाही, ठणकतं, झोपावंसं वाटतं. मायग्रेनच्या पुस्तकातलं पान तिने मला काढून दिलं होतं.

तिच्या आईला मी विचारलं, “तुमचं दुखतं का कधी डोकं?”

“माझं पित्ताचं आहे,” आई म्हणाली. “माझ्या आईचंही होतं. उलटी झाली की उतरतं.”

पित्त! आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या डोकेदुख्या घरून हेच नाव घेऊन येतात. डोकं दुखलं, मळमळलं, उलटी झाली, झोप लागली, उठल्यावर बरं वाटलं. बरोबर आहे, हे असंच होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या होतं, कारण मायग्रेन घराण्यात चालतं. मुलांमधलं मायग्रेन मोठ्यांपेक्षा थोडं वेगळं असतं. मोठ्यांत बहुधा डोक्याची एकच बाजू धरते. मुलांचं दोन्हीकडे, कपाळावर दुखतं. मोठ्यांचं दिवसभर रेंगाळतं, मुलांचं दोन तासांतही संपू शकतं. म्हणून सकाळी शाळेत रडवेलं झालेलं पोर दुपारी गल्लीत पळताना दिसलं की घरचे म्हणतात, नाटक होतं. ते नाटक नसतं. झोप झाली आणि झटका उतरला, एवढंच.

त्या मुलीला आम्ही काय दिलं? वजनाच्या हिशेबात आयब्युप्रोफेन, उलटीवर औषध, आणि पडद्यामागची खाट, जिथला दिवा मालवता येतो. कॅज्युअल्टीत अंधार मिळवणं हे औषध मिळवण्यापेक्षा अवघड आहे. आमच्या सिस्टरांनी डोळ्यांवर ओढणीची घडी ठेवायची युक्ती काढली आहे, ती बरी चालते. आईला सलाईन हवं होतं. पाणी पोटात ठरत असेल तर सलाईनची गरज नसते, हे समजावण्यात बराच वेळ जातो, पण तो द्यावा लागतो. नाहीतर पुढच्या झटक्याला ते गोळी घरी वेळेवर द्यायचं सोडून सलाईन लावायला धावतात, आणि मायग्रेनच्या गोळीचं सगळं मर्म वेळेत आहे. दुखायला लागल्याबरोबर घेतलेली उपयोगी पडते. दोन उलट्या झाल्यावर घेतलेली पोटातच पडून राहते.

वारंवार होणाऱ्या मायग्रेनवर रोज घ्यायच्या गोळ्यांबद्दलही पालक विचारतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत ८ ते १७ वर्षांच्या मुलांना अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली होती. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आलेली मुलं अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के निघाली. दिखाऊ गोळीची मुलं पुढे! चाचणी मध्येच थांबवली गेली. याचा अर्थ काही जण ‘मग आजारच खोटा’ असा लावतात, त्याचा मला राग येतो. त्या मुलांचं दुखणं खरं होतं आणि बरं वाटणंही खरं होतं. कुणीतरी नीट ऐकलं, झोपेच्या-जेवणाच्या वेळा बांधून दिल्या, नोंद ठेवायला लावली, पुन्हा पुन्हा भेटून विचारपूस केली, यातच मोठा उपचार घडला असावा असं मला वाटतं.

पण याच पित्ताच्या नावाखाली दुसरंही काही दडून येतं. सात वर्षांचा एक मुलगा सकाळी उठला की डोकं धरायचा, उलटी करायचा आणि मग त्याला बरं वाटायचं. शाळेच्या वेळेलाच हे होतं म्हणून आधी ओरडा खाऊन झाला. मग पित्ताचं औषध, मग जंताचं. काही आठवडे असेच गेले. मी त्याला फरशीच्या रेघेवरून टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं. त्याने दोन पावलं टाकली आणि भिंतीला हात टेकला. मान किंचित एका बाजूला कललेली होती. वडिलांना विचारलं, हा सायकल चालवतो का? “चालवायचा. आता पडतो, म्हणून आम्हीच काढून घेतली.” वही आणली होती का बरोबर? नव्हती, पण आईने आपणहून सांगितलं की बाई म्हणतात अक्षर बिघडलंय. ऑप्थॅल्मोस्कोपने डोळ्यात पाहिलं तर नसेच्या चकतीच्या कडा पुसट झालेल्या, म्हणजे डोक्यात दाब वाढलेला. सीटीत मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूजवळ गाठ दिसली. रात्रभर आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून सकाळची उलटी. त्याच रात्री त्याला न्यूरोसर्जनकडे पाठवलं.

अशी मुलं फार थोडी असतात, हे मी प्रत्येक घाबरलेल्या आईला सांगते आणि ते खरं आहे. पण गाठ असलेल्या मुलात नुसती डोकेदुखी आणि बाकी काहीच नाही, असंही फार क्वचित असतं. चाल, नजर, मान, अक्षर, स्वभाव, यांतलं काहीतरी बदललेलं असतंच. ते शोधायला मशीन लागत नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली ‘हेडस्मार्ट’ ही मोहीम सुरू झाली. पालकांना आणि डॉक्टरांना मेंदूच्या गाठीची लक्षणं कार्डावर छापून दिली, आणि निदानाला लागणारा वेळ खरोखर घटला. आपल्याकडे शाळांमध्ये, आशाताईंच्या हातात मराठी-कानडी-तेलुगूत असं कार्ड असावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच ‘एकदा सीटी करूनच टाका’ या आग्रहाला मी सहसा नाही म्हणते. तपासणीत सगळं नीट असेल, दुखणं जुनं आणि ओळखीच्या वळणाचं असेल, तर सीटीतून काही निघत नाही. किरणं मात्र कोवळ्या मेंदूला मिळतात. लहानपणी सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून अधिक लोकांचा माग काढणारा ब्रिटनमधला अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, ल्युकेमियाचा आणि मेंदूच्या गाठींचा धोका थोडा, पण नक्की वाढलेला दिसला. गरज असेल तिथे मी क्षणभर थांबत नाही. गरज नसताना फॉर्म लिहायला एक मिनिट लागतं आणि नाही का ते सांगायला पंधरा. ती पंधरा मिनिटं डॉक्टरनेच द्यायची असतात.

कॅज्युअल्टीत मुलांचं एक माप हमखास राहून जातं, ते म्हणजे ब्लडप्रेशर. मुलांचं बीपी कशाला, असं वाटतं. शिवाय लहान दंडाचा पट्टा जागेवर सापडत नाही, आणि मोठ्यांचा गुंडाळला तर आकडा खोटा, कमी येतो. गणपतीच्या सुमारास आठेक वर्षांचा एक मुलगा डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आला. डोळे सुजलेले. जागरण झालं असेल, मांडवातच असतो, असं घरचे म्हणाले. योग्य पट्ट्याने बीपी घेतलं तर १५० वर १००! या वयाला ११५ च्या पुढे गेलं तरी आमचे कान टवकारतात. मग पाय पाहिले. गुडघ्याखाली वाळलेल्या पुळ्यांचे काळे डाग होते. लघवी चहाच्या रंगाची. महिन्याभरापूर्वीच्या त्या पुळ्यांतल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे आता मूत्रपिंडाला सूज आली होती, त्याने बीपी चढलं होतं आणि त्याने डोकं दुखत होतं. अजून चढलं असतं तर झटके आले असते. असं बीपी धाडकन उतरवायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं. ती रात्र सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पट्टा फुगवत बसल्या. मुलगा काही दिवसांत बरा होऊन घरी गेला. या आजारात बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, फक्त ओळखलं गेलं पाहिजे.

थंडीतला एक प्रश्नही इथेच सांगते. सकाळी अंघोळीनंतर डोकं दुखतंय, चक्कर येतेय, आणि घरात आणखी कुणाचंही तसंच होतंय, असं कळलं की मी पहिल्यांदा गॅस गीझरचं विचारते. बिनखिडकीच्या न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साठतो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर तेव्हाही ९८-९९ दाखवत राहतो, कारण त्या वायूने व्यापलेलं रक्त आणि ऑक्सिजनने भरलेलं रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. आकडा बघून घरी पाठवलेलं मूल उद्या त्याच न्हाणीघरात जाईल. अशा वेळी मास्कने भरपूर ऑक्सिजन आणि घरी गीझर बंद.

आता ताप असलेली, पण वेगळी दिसणारी मुलं. अचानक तीव्र ताप, मान ताठ, अंगावर जांभळे ठिपके, गुंगी, अशा वेळी विचारत बसायचं नसतं. रक्त घेऊन अँटिबायोटिक आधी सुरू करायचं. मला जास्त धास्ती वाटते ती संथ येणाऱ्या मेंदूच्या टीबीची. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, मूल चिडचिडं होतं, जेवत नाही, वजन उतरतं. मग एक दिवस डोळा तिरळा दिसतो किंवा मूल पेंगायला लागतं. “घरात कुणाला जुना खोकला?” या प्रश्नावर घरातल्यांची एकमेकांकडे जी नजर जाते, त्यात बरेचदा उत्तर असतं. लहानपणी घेतलेली बीसीजी या घातक टीबीपासून पुष्कळ संरक्षण देते, पण पूर्ण नाही.

निदानासाठी मणक्यातलं पाणी काढावं लागतं, आणि इथे सगळं घर अडून बसतं. पाठीतलं पाणी काढलं की पोराचे पाय जातात, ही समजूत गावोगाव घट्ट बसलेली आहे. अशा मुलांतली काही आजारानेच लुळी पडलेली लोकांनी पाहिली आहेत, आणि दोष सुईला लागला आहे. एका आजोबांना मी माझ्या खुर्चीवर पाठमोरी बसून माझ्याच कमरेवर बोट ठेवून दाखवलं: मज्जारज्जू इथे वर संपतो, सुई इथे खाली जाते, जिथे नुसते मज्जातंतू पाण्यात तरंगत असतात. त्यांनी पुन्हा दाखवा म्हटलं. दुसऱ्यांदा दाखवल्यावर ते उठले आणि मुलाला कुशीवर धरायला स्वतः आत आले. औषधं वर्षभर चालली. तो आता शाळेत जातो. एका कानाने कमी ऐकू येतं.

वयात आलेल्या मुलामुलींशी मात्र आईबापांसमोर बोलून भागत नाही. दहावी-बारावीची, नीटच्या क्लासची मुलं रात्री दोनला डोकं धरून येतात. सकाळी उपाशी, दुपारी वडापाव, रात्री चहावर चहा, झोप चार-पाच तास. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असं म्हटलं की पालक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मी त्यांचं नुकसान करायला बसले आहे. मी आईला औषध आणायला पाठवते आणि दार लोटून घेते. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल तर मला पुढे सांगावं लागेल, तसा कायदाच आहे. मग झोप, जेवण, मित्रमैत्रिणी, घर, आणि शेवटी, “जगू नये असं कधी वाटतं का?” हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. असलेल्याला बाहेर यायला वाट मिळते.

सोळा वर्षांची एक मुलगी पुन्हा पुन्हा यायची. सीटी बाहेर होऊन गेलेलं, डोळे तपासलेले, चष्म्याचा नंबरही किरकोळ. (डोकेदुखीचं खापर चष्म्यावर फोडायची आपल्याला फार घाई असते, खरं तर तो क्वचितच गुन्हेगार निघतो.) घरच्यांनी ‘अभ्यास नको म्हणून’ असं ठरवून टाकलेलं. आई बाहेर गेल्यावर तिने कंपासपेटी उघडली. कर्कटकाखाली गोळ्यांची पट्टी होती, अर्धी रिकामी. मेडिकलमधून स्वतःच आणायची आणि रोज घ्यायची, कधी दिवसातून दोनदा, गेले कित्येक महिने. साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त घेतली तर ती गोळीच डोकेदुखीचं कारण बनते. पण गोळी लपवायची वेळ तिच्यावर का आली? दुखतंय म्हटलं की ओरडा बसायचा म्हणून. ती रडली नाही, उलट चिडून म्हणाली, “मी खरं सांगत होते.”

खरंच सांगत होती. आईला आत बोलावून मी तेच पहिल्यांदा सांगितलं. गोळ्या बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस दुखणं वाढेल, तेव्हा कुणी काही बोलायचं नाही, असं ठरवून घेतलं. मानसोपचार विभागात भेट ठरवली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या वहीत तिच्याच हाताने लिहायला लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवशी खूण करायची, गोळी घेतली तर दुसऱ्या रंगाची.

घरी सोडताना मी पालकांकडून सूचना त्यांच्याच भाषेत परत वदवून घेते. नुसतं ‘कळलं का?’ म्हटलं की सगळेच मान हलवतात. परवा एका यंत्रमाग कामगाराच्या मुलाला मायग्रेनसाठी ठेवून घेतलं होतं. रात्रपाळी सोडून आलेले वडील एकेका बोटावर मोजत सांगत होते: दुखण्याने झोपेतून जाग आली, सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, चालताना झोकांड्या गेल्या, दोन-दोन दिसायला लागलं, फिट आली, मान धरली, तर लगेच परत आणायचं, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. सगळं बरोबर सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग उद्या शाळेत पाठवू का?”

“पाठवा,” मी म्हटलं. “झोपू दे पोटभर, आणि सकाळी काहीतरी खाऊ घालून पाठवा. उशीर झाला तर चालेल, मी बाईंना चिठ्ठी देते.”